बडोद्याच्या रावपुऱ्यातली बीएल तपासून देणारी सर्व्हिस: पैसे वसूल, पार्किंग शून्य

पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते पुढे सांगते. बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, माल घेतल्याची शिपिंग लाईनची पावती, जी दाखवून तिकडे माल सुटतो. महिन्याला एखाददुसरा कंटेनर जाणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू आहे, म्हणजे जिथे लीगल डिपार्टमेंट वगैरे काही नसतं, एक मालक, एक अकाउंटंट आणि उरलेलं सगळं करणारी माझ्यासारखी एक जण. मोठ्या कंपन्यांना हे सगळं आधीच माहीत असतं, निदान ते तसं म्हणतात.

आमचं मकरपुरा जीआयडीसीत छोटं युनिट आहे, कंट्रोल पॅनेलला लागणारे टर्मिनल, कनेक्टर असलं सामान, वजनाला हलकं पण पैशाला जड. प्रॉडक्शन भाऊजी बघतात, एक्सपोर्टचे कागद माझ्याकडे. आता एक्सपोर्टचे कागद म्हटलं की सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) आहे, फॉरवर्डर (जहाजावर जागा बुक करून माल पाठवणारा) आहे, बँक आहे, सगळे आपापला कागद बघतात, पण सगळे कागद एकत्र ठेवून "ताई, उद्या माल बुडाला तर यातल्या कुठल्या ओळीवर तुम्ही उभ्या राहणार" हे विचारणारं कोणी नसतं. ही सर्व्हिस तेवढंच करते. माल हलवत नाहीत, कस्टम करत नाहीत, कागद वाचतात फक्त. बीएलची मागची बाजूसुद्धा, जी बारीक अक्षरात असते आणि जी बडोद्यात मी कोणालाच वाचताना पाहिलेली नाही.

चालवतात दोघं. एक काका, मुंबईला शिपिंग लाईनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आयुष्य काढून रिटायर होऊन इकडे परत आलेले, आणि त्यांची भाची, ती वकील, सगळे मॅडम म्हणतात. जागा रावपुऱ्यात एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, बोर्ड इतका छोटा की खालच्या स्टेशनरीवाल्याला विचारूनच वर जावं लागतं. मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही चालतं. काका मराठीत सुरू करतात, आकडे गुजरातीत बोलतात आणि चिडले की मुंबईच्या हिंदीत जातात.

पद्धत सोपी आहे. लाईनकडून किंवा फॉरवर्डरकडून ड्राफ्ट बीएल आला की तो, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एलसी (बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट) असेल तर एलसी आणि इन्शुरन्सची पॉलिसी व्हॉट्सॲपवर टाकायची. लाल खुणा करून परत येतं, सोबत काय बदलून घ्यायचं आणि फॉरवर्डरला नेमकं काय लिहायचं ते. जहाज सुटायच्या आत हे करायला लागतं, नंतर बीएल बदलायचा तर लाईन अमेंडमेंटचे पैसे लावते आणि काही गोष्टी तर पैसे देऊनही बदलून देत नाही.

पहिली गोष्ट त्यांनी पकडली ती पॅकेजची. फॉरवर्डरच्या टेम्प्लेटमध्ये असायचं "एक कंटेनर, सेड टू कंटेन इलेक्ट्रिकल पार्ट्स". झालं. काकांनी त्यावर लाल गोल केला आणि लिहिलं की इथे कार्टनचा आकडा आलाच पाहिजे. कारण आपल्याकडच्या समुद्री माल वाहतुकीच्या कायद्यात लाईनची जबाबदारी बांधलेली आहे, मालाची किंमत बीएलवर वेगळी जाहीर केलेली नसेल तर पॅकेजमागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यातलं जे जास्त होईल ते, त्याच्यावर एक पैसा नाही. एसडीआर म्हणजे आयएमएफचं हिशोबाचं युनिट, रुपयात धरलं तर एका पॅकेजचे ऐंशी हजाराच्या आगेमागे होतात. आता कंटेनरमध्ये किती पॅकेज आहेत हे बीएलवर जे लिहिलंय त्यावरून ठरतं. कार्टन मोजून लिहिले तर प्रत्येक कार्टन एक पॅकेज. नुसतं "एक कंटेनर" लिहिलं तर लाईनचा वकील म्हणणार अख्खा कंटेनर हेच एक पॅकेज, मग तुमच्या हातात ऐंशी हजार नाहीतर वजनाचा हिशोब, आणि आमच्यासारख्या हलक्या मालाचा वजनाचा हिशोब म्हणजे इन्व्हॉइसच्या किमतीपुढे काहीच नाही.

पॅलेटचंसुद्धा तसंच. "वीस पॅलेट" लिहिलं तर वीस पॅकेज, "वीस पॅलेटवर सहाशे कार्टन" लिहिलं तर सहाशे. एका ओळीचा फरक. आणि ही ओळ लिहायला कोणी पैसे मागत नाही, फक्त सांगावं लागतं. मी फॉरवर्डरला सांगितलं तर तो म्हणाला "चालशे बेन, बधा आवुंज लखावे छे". मॅडमनी दोन ओळींचा ईमेल लिहून दिला, तो पाठवला, चहा गार व्हायच्या आत दुरुस्त ड्राफ्ट आला.

आणि मला हे आवडलं की सगळ्यांना एकच गोळी देत नाहीत. आमच्या ओळखीतले एक कास्टिंगवाले आहेत, त्यांना काकांनी सरळ सांगितलं की तुम्ही पॅकेजच्या भानगडीत पडू नका. का तर ६६६.६७ ला २ ने भागा, ३३३ किलो येतात, एका नगाचं वजन त्याच्या वर गेलं की किलोचाच हिशोब मोठा होतो, त्यांचं एकेक पॅलेट आठशे किलोचं, त्यामुळे त्यांनी बीएलवर ग्रॉस वजन बरोबर आलंय की नाही एवढंच बघायचं. त्यांच्याकडून त्या कन्साइनमेंटची फीपण अर्धीच घेतली. बडोद्यात असा माणूस सापडत नाही हो.

आता एफओबीवाल्यांनी (माल जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च आपला, पुढचा बायरचा) जरा नीट वाचा कारण आपल्याकडे निम्मे लोक एफओबीवर माल पाठवतात आणि खूश असतात की भाडं बायर देतोय, आपल्याला काय. एफओबीत फॉरवर्डर बायरने ठरवलेला असतो. तो तुम्हाला देतो हाऊस बीएल, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेटरहेडवरचा. लाईनचा मास्टर बीएल वेगळा, त्यावर शिपर (माल पाठवणारा) म्हणून त्या फॉरवर्डरचं नाव, कन्साइनी (माल घेणारा) म्हणून तिकडच्या त्याच्या एजंटचं नाव. तुमचं नाव कुठेच नाही. तुम्ही तीन ओरिजिनल बीएल बँकेत ठेवून पैशाची वाट बघत बसता आणि तिकडे एजंट मास्टर बीएलवर कंटेनर सोडवून ओरिजिनल हाऊस बीएल न घेताच बायरला देऊन मोकळा. आमच्या शेजारच्या शेडमधल्या भाईंचं हेच झालं. बायर गायब, एजंट फोन उचलत नाही, इथल्या ऑफिसने सांगितलं आम्ही फक्त बुकिंग केलं. कायद्याने ओरिजिनल बीएल न घेता माल सोडणं ही बीएल देणाऱ्याची मोठी चूक आहे, केस भक्कम असते, पण केस करायची कोणावर? परदेशात दोन खोल्यांचं ऑफिस असलेल्यावर?

म्हणून ही सर्व्हिस एफओबीच्या बुकिंगआधीच बघते की हाऊस बीएल देणारा आपल्याकडे डीजी शिपिंगमध्ये (केंद्राचं जहाज वाहतुकीचं खातं) मल्टीमोडल ऑपरेटर (रस्ता, रेल्वे, जहाज असं एकाच करारात माल नेणारा) म्हणून रजिस्टर आहे का. १९९३ च्या मल्टीमोडल कायद्याखाली ते रजिस्ट्रेशन लागतं. नसेल तर काका म्हणतात अॅडव्हान्स वाढवा नाहीतर मास्टर बीएल थेट तुमच्या नावावर मागा, आणि दोन्ही होत नसेल तर ऑर्डर सोडा. ऑर्डर सोडा हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, भाऊजी तर तिथेच उठून उभे राहिले होते. पण पैसे यायच्या आधी टेलेक्स रिलीज (ओरिजिनल बीएल न मागता तिकडे माल सोडायचा निरोप) द्यायचा नाही ही गोष्ट त्यांनी आमच्या घरात कायमची बसवली, ते एक बरं झालं.

त्यात अजून एक खुबी आहे जी मला बाहेर कोणीच सांगितली नव्हती. सगळे म्हणतात क्लेमला एक वर्ष असतं. बरोबर आहे, साध्या समुद्री बीएलला डिलिव्हरीपासून एक वर्षात दावा लावायचा. पण आपला बडोद्याचा माल बऱ्याचदा दशरथच्या आयसीडीतून (समुद्रापासून आत असलेला कंटेनर डेपो) उचलला जातो, तिथून रेल्वेने पोर्ट, मग जहाज, आणि कागद मिळतो तो मल्टीमोडल ट्रान्सपोर्ट डॉक्युमेंट. त्याला एक वर्ष नाही, नऊ महिने. त्याच १९९३ च्या कायद्यात लिहिलंय. नुसतं पत्र लिहून चालत नाही, नऊ महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा. आणि बाहेरून न दिसणारं नुकसान असेल तर ते कळवायचं तेही साध्या बीएलला तीन दिवसांत, मल्टीमोडलला सहा दिवसांत. मॅडमनी आमच्या प्रत्येक कन्साइनमेंटच्या फाईलवर वरच्या कोपऱ्यात ही तारीख पेनने लिहायची सवय लावलीये. अकाउंटंट आधी हसला, आता तोच लिहितो.

डिमरेज डिटेन्शनबद्दल (कंटेनर ठरल्यापेक्षा जास्त दिवस अडकला की लागणारे पैसे) पण बोलते कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथे होतात. बायरने माल सोडवलाच नाही तर तिकडच्या पोर्टवर कंटेनर पडून मीटर चालू राहतो, आणि लाईन ते बिल कोणाला पाठवते? तुम्हाला. कारण बीएलच्या मागे "मर्चंट"ची व्याख्या असते, त्यात शिपर, कन्साइनी, बीएल ज्याच्या हातात तो, मालाचा मालक, सगळे आले आणि सगळे मिळून जबाबदार. एफओबी असो नाहीतर सीआयएफ (भाडं आणि इन्शुरन्स आपण भरतो ते), बीएलवर शिपर म्हणून नाव असेल तर तुम्ही त्यात आहातच. इन्कोटर्म (एफओबी, सीआयएफ असली अट) हा तुमचा आणि बायरचा करार, लाईनला त्याच्याशी काय घेणं. इथे ही सर्व्हिस दोन कामं करते, बुकिंगच्या वेळी फ्री डेज (ज्या दिवसांचे हे पैसे लागत नाहीत ते) वाढवून लेखी घ्यायला लावते, आणि बायरच्या करारात एक कलम टाकून देते की ठरलेल्या दिवसांत माल सोडवला नाही तर आम्हाला दुसऱ्याला विकायचा किंवा परत आणायचा हक्क आणि खर्च तुमचा. बायर देईलच असं नाही, पण निदान ईसीजीसीकडे (एक्सपोर्टच्या पैशाचा विमा देणारी सरकारी कंपनी) किंवा बँकेकडे जायला हातात कागद असतो.

इन्शुरन्सच्या बाबतीत मी यांना फुल मार्क देते. २०२३ च्या नोव्हेंबरात हुथींनी लाल समुद्रात ते गॅलक्सी लीडर जहाज पकडलं आणि त्यानंतर बहुतेक मोठ्या लाईन्स आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, तेव्हा युरोपला जाणारा आपला माल दहा ते चौदा दिवस उशिरा पोचायला लागला. आमच्या बायरने उशिराचा दंड कापला. आम्हाला वाटलं पॉलिसी आहे की. काकांनी पॉलिसी उघडून दाखवली, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए, म्हणजे सगळ्यात वरची, तरी त्यात उशिरामुळे झालेलं नुकसान बाहेर, उशीर ज्या कारणाने झाला ते कारण पॉलिसीत कव्हर असलं तरी बाहेर. लाईनकडून मागावं तर तिच्या बीएलवर रस्ता बदलायचा हक्क तिने स्वतःकडे राखून ठेवलेला, धोका असेल तर कुठूनही जाऊ. म्हणजे उशिराचा पैसा ना इकडून ना तिकडून. त्यामुळे आता बायरच्या ऑर्डरमध्येच लिहितो की जहाजाचा रस्ता बदलल्यामुळे झालेल्या उशिराचा दंड नाही. निम्मे बायर मानतात.

वॉर कव्हर वेगळं घ्यावं लागतं, ते ए मध्ये नसतं. आणि ते माल जहाजावर असतानाच चालतं, मकरपुऱ्यापासून पोर्टपर्यंतच्या रस्त्यावर नाही. कंपनीला सात दिवसांची नोटीस देऊन ते रद्दही करता येतं, मात्र ज्या मालाचं कव्हर सुरू झालंय त्याला धक्का लागत नाही. हे सगळं पॉलिसीतच छापलेलं असतं, एजंट सांगत नाही एवढंच.

जनरल ॲव्हरेज हा प्रकार मला इथेच नीट कळला. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला काही खर्च केला किंवा काही माल मुद्दाम समुद्रात फेकला तर ते नुकसान जहाजमालक आणि ज्याचा ज्याचा माल जहाजावर आहे ते सगळे किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. सोसायटीच्या लिफ्टच्या दुरुस्तीसारखं आहे, पहिल्या मजल्यावाल्यानेही वर्गणी द्यायची, तो जिन्याने का जाईना. २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन सुएझमध्ये आडवं झालं, सहा दिवसांत सुटलं पण कालव्याच्या अथॉरिटीने पैशासाठी ते जुलैपर्यंत अडवून ठेवलं, त्यावर १८,००० च्या वर कंटेनर होते आणि जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. ज्यांचा इन्शुरन्स होता त्यांच्या कंपनीने गॅरंटी दिली, ज्यांचा नव्हता त्यांना रोख डिपॉझिट भरल्याशिवाय माल मिळेना, आणि माल तर अगदी ठणठणीत. बाल्टिमोरचा पूल पाडणाऱ्या डाली जहाजाच्या वेळी २०२४ मध्ये पुन्हा तेच. गंमत म्हणजे हा खर्च सगळ्यात स्वस्त सी क्लॉजच्या पॉलिसीतसुद्धा कव्हर असतो. म्हणजे थोडे पैसे वाचवायला इन्शुरन्सच न घेणारे जे आहेत ना (आहेत, आपल्याच जीआयडीसीत आहेत), त्यांनी निदान सी तरी घ्या.

आता ती एक स्टारची गोष्ट.

काका बोलतात फार. तुम्ही सही घ्यायला गेलात की एल्सा सुरू होतं. एमएससी एल्सा ३, २५ मे २०२५ ला कोचीजवळ बुडालं, ६४० कंटेनर, काहींमध्ये कॅल्शियम कार्बाईड, किनाऱ्यावर प्लास्टिकचे दाणे वाहून आले. विषय महत्त्वाचा आहे, मान्य. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि बुडालेलं जहाज तर अडकवता येत नाही म्हणून त्याच ग्रुपचं दुसरं जहाज, अकितेता, विझिंजमला कोर्टाने अटक केलं. काकांचं म्हणणं लहान माणसाने यातून एकच शिकायचं, की दुसरं जहाज अडकवता येतं. २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यात ती सोय आहे, आणि केरळच्या काजूवाल्यांनी तेच केलं, आयात केलेला काजू गेला म्हणून सहा कोटींच्या आसपासच्या दाव्यासाठी तिसरंच एक जहाज अडकवलं. आपल्या गुजरात हायकोर्टालाही तो अधिकार आहे, म्हणजे मुंद्रा, हजिऱ्याला आलेलं जहाज अहमदाबादहून ऑर्डर काढून थांबवता येतं, मुंबईला पळायची गरज नाही. हे मला खरंच माहीत नव्हतं आणि ऐकायला आवडलं. पण मग पुढे सुरू होतं की राज्याने मागितलेली रक्कम हायकोर्टाने सिक्युरिटीसाठी १२२७ कोटींवर आणली, जहाजमालकाला टनेजच्या हिशोबाने जबाबदारीची मर्यादा मागता येते, अमेरिकेत डालीच्या मालकाने १८५१ सालच्या कायद्यावर बोट ठेवून ४३ मिलियन डॉलरच्या वर देणार नाही म्हटलं, आणि खाली माझी ॲक्टिव्हा नो पार्किंगमध्ये.

तरी एक सांगते, नवीन कायद्यांबद्दल व्हॉट्सॲपवर जे फिरतंय त्यापेक्षा इथे सरळ ऐकायला मिळतं. २०२५ मध्ये संसदेने एका वर्षात पाच कायदे केले, बिल ऑफ लेडिंगचा, समुद्री माल वाहतुकीचा, किनारी वाहतुकीचा, मर्चंट शिपिंगचा आणि पोर्टांचा. ग्रुपवर लगेच आलं की आता एक्सपोर्टरला पूर्ण भरपाई मिळणार. मॅडमनी शांतपणे सांगितलं की असं काही नाही. बिल ऑफ लेडिंगचा जुना कायदा १८५६ चा होता, तीन कलमांचा, माल वाहतुकीचा १९२५ चा, ते काढून नव्या भाषेत बसवलेत, पॅकेज आणि किलोची मर्यादा राहिली, एक वर्षाची मुदत राहिली, फक्त सरकारला नियमांचं परिशिष्ट अधिसूचनेने बदलता येईल अशी सोय आली. म्हणजे पुढे बदलू शकतं, आज बदललेलं नाही. मला असा माणूस आवडतो जो सांगतो की यात तुमच्यासाठी नवीन काही नाही आणि त्याचे पैसे घेत नाही.

इलेक्ट्रॉनिक बीएलवर मात्र मामा भाचीचं जमत नाही आणि गिऱ्हाईक मध्ये अडकतं. लाईन्सनी २०३० पर्यंत सगळे बीएल इलेक्ट्रॉनिक करायचं जाहीर केलंय, ब्रिटनने २०२३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करून कागदाच्या बरोबरीचा दर्जा दिला. आपल्या नव्या कायद्यात त्याच्यासाठी वेगळं कलम नाही. मॅडम म्हणतात प्लॅटफॉर्मचे नियम आणि इंग्लिश लॉ लावून घेतला तर चालेल, कुरिअरमध्ये बीएल हरवायची भीती तरी जाते. काका म्हणतात ओरिजिनल हातात असल्याशिवाय मला झोप येत नाही. मी विचारलं मी काय करू, तर दोघांनी दोन उत्तरं दिली. अहो तुम्ही आधी आपसात ठरवा आणि मग आम्हाला सांगा ना. शेवटी आमच्या बँकेनेच सांगितलं की कागदच आणा, मग प्रश्न मिटला.

स्टार कापायचं खरं कारण मात्र वेगळंच. ही सर्व्हिस जहाज सुटायच्या आधी जितकी चांगली, नंतर तितकीच पांगळी. शेजारच्या भाईंना मी यांच्याकडे पाठवलं होतं, माल एजंटने सोडून दिल्यावर. मॅडमनी पत्र झकास लिहून दिलं, प्रत्येक तारीख, प्रत्येक कलम, पण पुढे काय? म्हणे तिकडच्या देशात वकील करा, इथे अहमदाबादचे एक दोन वकील सुचवू शकतो, आम्ही कोर्टात जात नाही. फी ठरवताना हे आधी सांगत नाहीत, निदान त्यांना सांगितलं नव्हतं. बोर्डावर "शिपिंग क्लेम" लिहिलंय, त्यावरून माणूस समजतो की क्लेम मिळवून देणार. तो शब्द काढा किंवा आधीच सांगा की आम्ही पत्रापर्यंत. मी हे तोंडावर बोललेय त्यामुळे इथे लिहायला काही वाटत नाही. मॅडमनी मान्य केलं, बोर्ड अजून तोच आहे.

दुसरं म्हणजे व्हॉइस नोट. कृपा करून काकांना कोणीतरी टाईप करायला शिकवा. ड्राफ्ट बीएल परत करायला लाईनचा कटऑफ संध्याकाळचा असतो आणि दुपारी एक लांबलचक व्हॉइस नोट येते ज्यात कामाची गोष्ट अगदी शेवटी, "हां आणि तो एचएस कोड चुकलाय". मशीनच्या आवाजात शेडमध्ये उभं राहून ते ऐकायचं. मॅडमला थेट मेसेज केला तर लाल खुणांची पीडीएफ येते, पण त्या कोर्टाच्या कामात असल्या की संध्याकाळपर्यंत दिसत नाहीत, आणि कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेल्यापासून तर भेटायचं म्हटलं की रावपुऱ्यात नाहीतच.

केमिकलवाल्यांसाठी एक ओळ, कारण नंदेसरी पादराकडचे बरेच जण विचारतात. डेंजरस गुड्स असेल तर यांच्याकडे नक्की जा. जून २०२५ मध्ये वान हाय ५०३ ला आग लागल्यापासून लाईन्स डिक्लेरेशनबाबत फार कडक झाल्यात, आणि मालाचा धोका लपवला किंवा चुकीचा लिहिला तर त्यातून होणारं सगळं नुकसान शिपरच्या अंगावर येतं, तिथे पॅकेजची मर्यादा शिपरला वाचवायला येत नाही. काका एमएसडीएस (केमिकलच्या सुरक्षेचं माहितीपत्रक) आणि बीएलवरचा यूएन नंबर (धोकादायक मालाचा ठरलेला नंबर) ओळीने जुळवून बघतात. त्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

आणि हे त्यांच्या रेटकार्डवर नाही पण करतात, मर्चंट नेव्हीला जाणाऱ्या मुलांचे करार वाचून देतात, फुकट. आमच्या मावशींच्या नातवाला कोणीतरी दुबईच्या जहाजावर लगेच नोकरी म्हणून मोठी रक्कम मागत होतं. मॅडमनी पहिला प्रश्न केला, एजन्सीचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या लायसन्सचा, नंबर काय, डीजी शिपिंगच्या साईटवर बघा. नंबर नव्हताच. टाकून दिलेल्या खलाशांमध्ये २०२४ मध्ये भारतीय सगळ्यात जास्त होते, आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आकडेवारी आहे, आणि त्यातले बरेच असेच बिनलायसन्सच्या एजंटांकडून गेलेले असतात. दोन महिने पगार थकला की एमएलसीच्या (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) नियमांप्रमाणे तो खलाशी सोडून दिलेला धरतात आणि जहाजाच्या इन्शुरन्सकडून चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतायचा खर्च मागता येतो, पण जहाजाचा इन्शुरन्सच खोटा असला तर मागायचा कोणाकडे. पोरगा आता रीतसर एजन्सीतून गेलाय, मावशींनी काकांना श्रीखंड पाठवलं.

फीचं म्हणाल तर एका कन्साइनमेंटचे सीए एखाद्या सर्टिफिकेटचे घेतो तेवढे, वर्षाचं पॅकेज घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, पावती देतात, जीएसटी लावतात. एकदाच माल पाठवणार असाल तर बीएलपेक्षा बायरचा करार आणि फॉरवर्डर तपासून घ्या, तिथे पैसे जास्त वसूल होतात. एलसीवर काम करणाऱ्यांनी एलसीची ॲमेंडमेंट व्हायच्या आधी जा, बीएलची वाट बघू नका.

जायचं तर गाडी सुरसागरकडे लावून चालत जा. शनिवारी दुपारनंतर बंद असतं. ड्राफ्ट बीएलचा फोटो नका पाठवू, पीडीएफ पाठवा, आणि मॅडमच्या नंबरवर पाठवा.